रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधले सहा दिवस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही दोघं इटलीला निघालाय. वय साठीच्या पुढे, एकाचे गुडघे कुरकुरतात, दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. रोम आणि फ्लॉरेन्स पक्कं आहे, मधल्या सहा रात्री मोकळ्या आहेत. टूरवाले टस्कनी सांगतात, मुलगी उंब्रिया सांगते. डोंगरावरची गावं झेपतील का, स्वतः गाडी न चालवता फिरता येईल का, आणि जेवायचं काय, हे तुम्हाला हवंय.

मुलीचं ऐका.

मी गेली सतरा वर्षं ठाण्याहून लहान लहान गट घेऊन इटलीत जाते. टस्कनी सुंदर आहे, पण तिचं खरं सौंदर्य दोन गावांच्या मधल्या रस्त्यांवर आहे आणि त्याला हाताशी गाडी लागते. उंब्रियात रेल्वेच्या दोन मार्गांवर इतकं काही ओवलेलं आहे की सहा दिवस कमी पडतात. प्रदेश छोटा, साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आत, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहूनही लहान. समुद्र नाही, परदेशाची सीमा नाही, सगळीकडे डोंगर आणि मधे टायबर नदीची आणि तिच्या उपनद्यांची खोरी. गावं टेकड्यांच्या माथ्यावर आणि स्टेशनं पायथ्याला. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर तुमचं सगळं नियोजन त्यावर बसेल.

बहुतेक भारतीय सहलींत उंब्रिया म्हणजे रोमहून फ्लॉरेन्सला जाताना असिसीत तीन तास. बस खाली उभी, धापा टाकत वर, चर्च, फोटो, एक आइस्क्रीम, परत बस. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. असिसी संध्याकाळी सहानंतर सुरू होतं, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

आधी मुक्काम सांगते, कारण चुका तिथेच होतात. एक रात्र ऑर्विएतो, तीन रात्री फोलिन्यो, दोन रात्री असिसी. फोलिन्यो हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, मुलीनेही नसेल. सांगते त्याबद्दल.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साध्या गाडीने सव्वा-दीड तासात ऑर्विएतो. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची : वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि दुसऱ्याला वर ओढायचा. आता विजेवर आहे. ऑर्विएतो ज्यावर वसलंय तो एक सपाट माथ्याचा, उभ्या कड्यांचा ज्वालामुखीच्या राखेचा दगड आहे. मऊ असल्यामुळे लोकांनी अडीच हजार वर्षं तो आतून कोरलाय. विहिरी, तळघरं, कबुतरं पाळायची भुयारं, सगळं पायाखाली.

डोंगरगाडीतून उतरल्यावर लगेच सान पात्रिझियोची विहीर लागते. १५२७ मध्ये रोमची लूट झाली, पोप सातवा क्लेमेंट पळून ऑर्विएतोत आला आणि वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने ही विहीर खणायला घेतली. वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लो धाकटा. खोली पन्नास मीटरच्या वर, पायऱ्या २४८. गंमत अशी की जिने दोन आहेत, एकमेकांभोवती गुंफलेले आणि कुठेही न भेटणारे. पाणी आणायला गाढवं एका जिन्याने उतरायची आणि दुसऱ्याने चढायची. वाटेत समोरासमोर येऊन खोळंबा नको! पायऱ्या म्हणूनच रुंद आणि बुटक्या आहेत, गाढवाच्या पावलाच्या मापाच्या. आतल्या भिंतीला खिडक्या आहेत. त्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, हात हलवतात, आणि आपण मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गुडघेवाल्यांनी वरूनच चार खिडक्या उतरावं आणि परत यावं. बाकी जोडीदाराने तळापर्यंत जाऊन यायचं.

ऑर्विएतोच्या कॅथेड्रलचं काम १२९० मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंत सोनेरी मोझेइकने झगमगते, फोटोत तीच येते. मी लोकांना आत, उजवीकडच्या सान ब्रिझियो चॅपेलमध्ये नेते आणि वीस मिनिटं बसवते. लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात इथे शेवटच्या न्यायाची, म्हणजे जगाच्या अंती देव मेलेल्यांना उठवून निवाडा करतो त्या प्रसंगाची, भित्तिचित्रं काढली. त्यातल्या एका भिंतीवर मेलेली माणसं जमिनीतून वर येतायत. जमीन पांढरी, सपाट, जणू दुधाची साय. काहीजण कोपरांवर भार देऊन स्वतःला वर ओढतायत, काहींचा अजून सांगाडाच आहे, आणि जे पूर्ण बाहेर आलेत ते एकमेकांना मिठ्या मारतायत. एकदा गटातले एक डॉक्टर काका म्हणाले, "स्नायू अगदी बरोबर काढलेत हो." मायकेलअँजेलोच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या त्याच विषयाच्या भिंतीच्या तीसेक वर्षं आधीचं हे काम आहे. रोमला ती आधी पाहून आलात तर इथे जास्त मजा येते.

दुसऱ्या दिवशी ओर्तेला गाडी बदलून फोलिन्यो. आता त्याबद्दल. टेकड्यांच्या या प्रदेशातलं हे सपाटीवरचं गाव. पर्यटक इथे फक्त गाडी बदलतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांमुळे स्टेशनचा परिसर नवा आणि रुक्ष आहे, त्यामुळे पहिल्यांदा बघून "कुठे आणलंत" असा चेहरा होतो. दहा मिनिटं आत चाललं की जुनं गाव लागतं. सायकलवरून बाजाराला जाणारे आजोबा, ओळखीच्या बारमध्ये उभ्याने कॉफी, आणि आपलं गाव म्हणजे जगाचं केंद्र असं गमतीत सांगणारे लोक. इटालियन महाकवी दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी' पहिल्यांदा छापली गेली ती इथे, एप्रिल १४७२ मध्ये. असिसीच्या संत फ्रान्सिसने बापाच्या दुकानातलं कापड आणि घोडा विकून मोडक्या चर्चसाठी पैसे उभे केले तेही इथेच. पण मी फोलिन्यो सुचवते त्याचं खरं कारण रेल्वे. रोम–अंकोना आणि फ्लॉरेन्सकडे जाणारा तेरोंतोला मार्ग इथे मिळतात. स्पेल्लो पाच-सात मिनिटं, असिसी पाव तास, स्पोलेतो वीसेक मिनिटं, पेरूजा पाऊण तासाच्या आत. खोल्या असिसीपेक्षा स्वस्त, आणि रात्री हॉटेलवर परतताना चढ नाही. गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगलं औषध मला माहीत नाही.

फोलिन्योहून काय काय? स्पोलेतोला अर्धा दिवस. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे आणि तिथपर्यंत सरकते जिने आणि सरकत्या वाटा केल्या आहेत. डोंगराच्या पोटातून जातात, फुकट आहेत. किल्ल्याभोवतीच्या सपाट रस्त्याने फिरलात की दरीवरचा तोर्रींचा पूल दिसतो : उंच खांबांवर दहा कमानी, ऐंशीएक मीटरची खोली. तो समोरूनच छान दिसतो, त्यावरून चालायचा अट्टहास नको. खाली कॅथेड्रलमध्ये फिलिप्पो लिप्पीची शेवटची भित्तिचित्रं आणि त्याची समाधी. उन्हाळ्यात इथे १९५८ पासून दोन जगांचा महोत्सव भरतो, संगीत-नाटकांचा. तुमच्या वेळेला तो संपलेला असेल.

स्पेल्लोला एक सकाळ. गुलाबी दगडाच्या गल्ल्या, प्रत्येक दाराशी कुंड्या. जूनच्या सुमारास, कोर्पुस दोमिनीच्या सणाला, इथे रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. शनिवारची रात्रभर गटागटाने लोक गुडघ्यांवर बसून पाकळ्या मांडतात, रंग फक्त फुलापानांचे, आणि रविवारी सकाळी धार्मिक मिरवणूक त्यावरून चालत जाते. आमच्या गटातल्या बायकांना ते पुसलं जाण्याचं काही वाटलं नाही. रांगोळी घालणाऱ्या हातांना ते ठाऊकच असतं. तुम्ही जाल तेव्हा हे नसेल, पण सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पिंतुरिक्यिओने १५०१ मध्ये रंगवलेलं चॅपेल आहे. त्यात एका चौकटीत त्याने स्वतःचंच चित्र भिंतीवर टांगल्यासारखं काढून ठेवलंय. ते शोधा.

पेरूजा मात्र पूर्ण दिवस. इथे वर जायची सोय हीच एक बघायची गोष्ट आहे. फोंतिवेज्जे स्टेशनजवळून मिनिमेट्रो धरा. २००८ साली सुरू झालेली, चालकाशिवाय दोरावर धावणारी छोटीशी डबी. ती थेट जुन्या गावाच्या कडेला सोडते. वर मुख्य चौकात १२७० च्या दशकातलं फोंताना माज्जोरे, निकोला आणि जोवान्नी पिसानो या बाप-लेकांचं काम. खालच्या कठड्यावर बारा महिन्यांची शेतीची कामं कोरली आहेत. समोरच्या पालाझ्झो देई प्रिओरीमध्ये उंब्रियाची राष्ट्रीय कलादालनं आहेत. दम असेल तर दोन तास द्या, नसेल तर नुसतं कोल्लेजो देल काम्बियो पाहा : सराफांच्या संघाची बैठकीची खोली, पेरुजिनोने रंगवलेली. राफाएल ज्याच्या हाताखाली घडला असं मानतात तोच हा पेरुजिनो.

उतरताना मिनिमेट्रो घेऊ नका, रोक्का पाओलिनातून उतरा. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला, पेरूजा उठलं आणि हरलं. पोपने बंडात पुढे असलेल्या बाल्योनी घराण्याची घरं आणि भोवतीची वस्तीच पाया म्हणून वापरली, वर कमानी टाकल्या आणि त्यावर किल्ला उभा केला. वास्तुकार पुन्हा तोच, ऑर्विएतोच्या विहिरीचा सांगाल्लो. १८६० मध्ये पोपची सत्ता गेल्यावर लोकांनी वरचा किल्ला हातोड्यांनी फोडून टाकला. खालची गाडली गेलेली वस्ती राहिली. आज सरकते जिने त्या वस्तीतून जातात. दिव्यांच्या उजेडात गल्ल्या, घरांची दारं, खिडक्या, आणि डोक्यावर आकाशाऐवजी विटांचं छत. लोक हातात भाजीच्या पिशव्या घेऊन ऑफिसातून घरी जाताना याच वाटेने जातात.

मिठावरून जेवणावर येते.

पहिल्याच जेवणात टोपलीतून पाव येईल, तुम्ही तुकडा मोडाल आणि म्हणाल, मीठ विसरले. विसरले नाहीत. उंब्रियाचा पाव आळणीच असतो. लोक त्याचं कारण १५४० चं मिठाचं युद्ध सांगतात, पोपला कर नको म्हणून मीठच सोडलं. गोष्ट झकास आहे, पण शेजारच्या टस्कनीतही पाव आळणीच मिळतो, त्यामुळे इतिहासकार मान डोलवत नाहीत. हा पाव नुसता खायचा नसतो. खारट चीज, डाळीचं सूप, किंवा नुसतं ऑलिव्ह तेल आणि वरून मीठ, यांच्या सोबतीला तो आहे. ट्रेव्ही गावाच्या आसपासचं तेल हिरवट आणि घशाला किंचित झोंबणारं. झोंबलं की चांगलं समजायचं.

आणि तोर्ता आल तेस्तो. तेस्तो म्हणजे जाड, जड, गोल तवा. बेवान्याजवळच्या एका शेतघरात मी ती पहिल्यांदा बनताना पाहिली. त्या आजींनी पीठ, पाणी, मीठ आणि चिमूटभर सोडा एवढंच मळलं, बोटभर जाडीची थापली, तव्यावर पीठ भुरभुरून बघितलं, ते तांबूस झालं तशी तोर्ता टाकली, काट्याने टोचे मारले आणि तळहाताने फिरवत राहिल्या. आमच्या गटातल्या कोल्हापूरच्या मावशी पुढे सरसावल्या, खुणेनेच परवानगी घेतली आणि पुढची स्वतः उलटली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तवा किती तापलाय यावर मतभेद झाले ते सगळ्यांना कळले. ही तोर्ता चिरून मधे पालेभाजी आणि चीज भरतात. "कॉन एर्बे ए फोर्माज्जो" म्हणा. तुमचं दुपारचं जेवण सहा दिवस सुटलं. एकच विचारा : "स्त्रुत्तो आहे का?" काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात, तिला स्त्रुत्तो म्हणतात.

शाकाहारी म्हणून आणखी तीन खाचखळगे. एक, "मांस नको" एवढं पुरत नाही. इथल्या वेटरच्या मनात हॅम म्हणजे मांस असतंच असं नाही. "नियेन्ते कार्ने, नियेन्ते प्रोशुत्तो, नियेन्ते पेशे" (मांस नाही, हॅम नाही, मासा नाही) असं तिन्ही म्हणा. दोन, स्त्रांगोत्सी नावाचा लांब, चौकोनी धारेचा पास्ता इथला, नुसत्या पिठापाण्याचा. त्यावर काळी ट्रफल किसून घालतात. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी बुरशी, शाकाहारीच आहे, पण इथल्या पारंपरिक पद्धतीत त्या रश्श्यात खारवलेले अँचोव्ही मासे वाटून घालतात. दिसत नाहीत! "सेन्झा अच्चुगे" हे शब्द कागदावर लिहून ठेवा. आणि मेनूवर "आल्ला नोर्चिना" दिसलं की पुढे जा, त्यात सॉसेज असतं. डुकराचं मांस खारवण्यात नोर्चा गावाचे लोक इतके पटाईत की इटलीभर खाटकाच्या त्या दुकानाला नोर्चिनेरियाच म्हणतात. तीन, डाळीच्या सूपमध्ये तळाशी कधी खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. विचारून घ्या, कारण नोर्चाजवळच्या कास्तेलुच्चोची मसूर चुकवू नये अशी आहे. बारीक, साल पातळ, भिजवावी लागत नाही. मी दर वेळी दोन किलो घरी आणते आणि लसणाची फोडणी देते. इटलीतल्या माझ्या ओळखीच्यांना हे सांगत नाही.

चीजबद्दल कडक असाल तर : बहुतेक जुनी इटालियन चीजं वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने विरजतात. बाकी रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी कुठे मिळत नाही, आणि बिलात माणशी थोडे पैसे "कोपेर्तो" म्हणून असतात. ती फसवणूक नाही.

आता असिसी. स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेली गावात, वर चारेक किलोमीटर. स्टेशनवरून बस जाते. तिने सान फ्रान्चेस्कोच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या, बॅसिलिकाला (मोठ्या चर्चला) उतरू नका, सगळेजण तिथेच उतरतात आणि मग दिवसभर चढत राहतात. शेवटपर्यंत बसून राहा, सगळ्यात वर पियाझ्झा मात्तेओत्तीला उतरा आणि तिथून गाव खाली खाली चालत या. वाटेत मुख्य चौकात रोमन काळातलं मिनर्व्हाचं देऊळ, सहा उभे खांब जसेच्या तसे, आत चर्च. असिसीचा सारा दगड मागच्या सुबासियो डोंगराचा. दुपारी पांढुरका, संध्याकाळी गुलाबी.

बॅसिलिका १२२८ मध्ये सुरू झाली, फ्रान्सिस गेल्यावर दोनच वर्षांनी. गरिबीची दीक्षा घेतलेल्या माणसाच्या अस्थींवर एवढं भव्य चर्च, याचा वाद तेव्हाही झाला होता. वरच्या चर्चमध्ये त्याच्या आयुष्यातले २८ प्रसंग रंगवले आहेत. ज्योत्तोने काढले असं मानतात, पंडित अजून भांडतायत. पक्ष्यांना उपदेश करतानाचं चित्र दाराजवळ आहे, आत शिरल्यावर मागे वळून बघा. छताकडेही बघा. २६ सप्टेंबर १९९७ ला पहाटे भूकंप झाला, सकाळी नुकसान पाहायला माणसं आत असताना दुसरा धक्का आला आणि छत कोसळलं. दोन साधू आणि दोन तंत्रज्ञ गेले. असंख्य बारीक तुकडे गोळा करून, जुळवून, दोन वर्षांत चर्च पुन्हा उघडलं. जिथे तुकडे मिळाले नाहीत तिथे मोकळा, फिका गिलावा सोडला आहे.

पण माझ्या लोकांना सगळ्यात जास्त काय लक्षात राहतं, तर फ्रान्सिसचा झगा. तिथल्या अवशेषांच्या दालनात काचेमागे ठेवलाय. मातकट करडा, जाडाभरडा, वेगवेगळ्या कापडांची ठिगळं लावलेला. टाके मोठे मोठे, घाईचे. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता हा, हे कोणीतरी हळूच म्हणतं आणि मग बराच वेळ कोणी बोलत नाही. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रलला लागून असलेलं चर्च तुम्ही पाहिलं असेल, ते याच फ्रान्सिसचं. आणि मी ठाण्याची म्हणून सांगते, त्याच्या पंथाचे चार साधू १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. त्यांच्यातला तोमासो इथून डोंगरापलीकडच्या तोलेंतिनोचा होता.

बॅसिलिकेत प्रवेश फुकट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फोटो नाहीत. सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी. मधल्या वेळात सहलीच्या बसगाड्यांचं राज्य असतं. त्यांना जाऊ द्या. रात्री जेवून चौकातून बॅसिलिकेपर्यंत एक फेरी मारा, खाली खोऱ्यातले दिवे दिसतात आणि स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. एक सावधगिरी : ४ ऑक्टोबर हा फ्रान्सिसचा सण, २०२६ पासून इटलीत राष्ट्रीय सुट्टीही आहे. ३ आणि ४ तारखेला असिसीत खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर महाग. तुमच्या तारखा त्याला लागून असतील तर असिसी आधी आणि फोलिन्यो नंतर करा.

असिसीतल्या दुसऱ्या दिवशी एक खर्च करा, ड्रायव्हरसकट गाडी घ्या. स्वतः चालवू नका. जुन्या गावांच्या वेशीवर झेड-टी-एल लिहिलेली पाटी असते, परवानगीशिवाय आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. एकदा मी स्वतः चालवत होते, हॉटेलपाशी सामान टाकायला म्हणून दोनशे मीटर आत गेले. सात महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दंडाचं पत्र आलं, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझा पत्ता कळवल्याबद्दलचे वेगळे पैसे कापले ते निराळेच.

ही गाडी सकाळी गुब्बियोला न्या. करड्या दगडाचं, डोंगराला टेकून बसलेलं गाव. इथे पालाझ्झो देई कोन्सोलीमध्ये सात काशाचे पत्रे आहेत, उंब्रियन भाषेतले. लॅटिनने गिळण्याआधी इथे जी भाषा बोलत होते तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः या पत्र्यांवरून. त्यात यज्ञ-बळींचे विधी लिहिलेत : कुठल्या वेशीपाशी कुठल्या देवाला काय द्यायचं. दर १५ मेला इथे चेरींची शर्यत असते. चेरी म्हणजे लाकडाचे तीन उंच, अवजड खांब, त्यांवर तीन संतांच्या मूर्ती. ते खांद्यावर घेऊन माणसं गावातून आणि मग डोंगरावरच्या चर्चपर्यंत पळत सुटतात. शर्यत म्हणायची, पण क्रम ठरलेला आहे. संत उबाल्दो पहिला, जोर्जो दुसरा, आंतोनियो तिसरा, दर वर्षी. कोणी कोणाला मागे टाकत नाही. चेरी पडला का, तो डुगडुगला का, यावर वर्षभर वाद. त्या डोंगरावर जायला आता दोरावरचे पिंजरे आहेत, दोन माणसं उभ्याने मावतील एवढे. थांबत नाहीत, चालत्या पिंजऱ्यात माणूस उचलून ठेवल्यासारखं चढवतात. गुडघा दुखत असेल तर नको. खालून बघायलाही मजा येते.

दुपारी तिथून मोंतोनेला जा. मार्गदर्शक पुस्तकांत हे लहानसं गाव एका परिच्छेदात संपतं. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यातल्या या टेकड्यांमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे लढले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय बावीस. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि पुन्हा भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी लढले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कबर कुठे सापडली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते, ५,७८२ परतले नाहीत. मोंतोनेच्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक उभारलं, एक सूर्यघड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे. माझ्या गटांमध्ये माणगाव-महाडकडचं कोणी असलं तर तिथे अर्धा तास आपोआप एक तास होतो. घाडग्यांचं नाव घेतलं की तिथली म्हातारी माणसं बोट दाखवून वाट सांगतात.

कास्तेलुच्चोचं फुलांचं पठार मी तुमच्या यादीत टाकत नाही. तो जूनअखेर ते जुलैच्या मध्याचा खेळ आहे, आणि २०१६ च्या भूकंपाने ते गाव आणि नोर्चा फार मोडलं. मार्मोरेचा धबधबाही सोडा. रोमनांनी इसवी सनापूर्वी २७१ मध्ये नदी वळवून केलेला, १६५ मीटर, पण वीजनिर्मितीमुळे पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात आणि तुमच्या गाड्यांशी ती वेळ जुळवताना दिवस जाईल.

किरकोळ पण महत्त्वाचं. साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. माझ्या गटातल्या एका जोडप्याने भरलाय. दुकानं आणि लहान चर्चं दुपारी एक ते साडेतीन-चार बंद, तेव्हा आडवे पडा. बूट रबरी तळव्याचे, कारण शतकानुशतकं घासलेला फरसबंद दगड पावसात साबणासारखा होतो. घडीची काठी इथूनच न्या. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला हॉटेलांची बुकिंगं लागतातच, तेव्हा रद्द करता येतील अशी घ्या. असिसीची खोली सगळ्यात आधी, आणि पत्ता वेशीच्या आतला आहे की खाली स्टेशनच्या गावातला, ते नकाशावर तपासून. दोघांनाही जाहिरातीत असिसीच म्हणतात.

शेवटच्या सकाळी असिसीहून फ्लॉरेन्सची गाडी धरा, अडीच तासांच्या आसपास. डब्यात डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. पेरूजा आणि माज्योने गेलं की त्राझिमेनो तलाव सुरू होतो, उथळ, जेमतेम सहा मीटर खोल, आणि मैलोन् मैल पसरलेला. पासिन्यानो आणि तुओरो या दोन स्टेशनांच्या आसपास उजवीकडे टेकड्या एकदम जवळ येतात. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने याच चिंचोळ्या पट्टीत, धुक्यात, रोमन फौजेला तलाव आणि टेकड्यांमध्ये गाठलं होतं. तुओरो गेलं की पुढचं स्टेशन तेरोंतोला, तिथे टस्कनी लागते. पाण्याच्या बाटल्या आणि असिसीहून बांधून आणलेली तोर्ता त्याआधी काढून ठेवा, तलावाशेजारून गाडी फार वेळ चालत नाही.